बाबांचं हार्ट, पालीची शेपूट आणि तीन लाख ऐंशी हजार

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज ट्यूशनच्या मुलांनी दांडी मारलीये तर बसलेय लिहायला.

२०२५च्या जानेवारीत, उत्तरायणला म्हणजे संक्रांतीला, बाबांना अटॅक आला. म्हणजे आला त्या दिवशी, आम्हाला कळला दुसऱ्या दिवशी. दांडिया बाजारच्या जुन्या घराच्या अगाशीवर आम्ही सगळे जमलो होतो, बडोद्यात राहून त्या दिवशी घरात कोण बसतं, बाबा आता स्वतः पतंग उडवत नाहीत पण फिरकी धरून बसतात आणि शेजारच्या अगाशीवरून "ए काप्यो छे" ऐकू आलं की आपलाच गेला का म्हणून उठून बघतात. दुपारी उंधियु, जिलबी, वर पुन्हा चिक्की. संध्याकाळी तुक्कल सोडायच्या वेळेला म्हणाले छातीत जळजळतंय, खाली जाऊन सोडा प्यायले आणि पडून राहिले. उंधियुवर खापर फोडून आम्ही पुन्हा वर. रात्री त्यांना दोनदा घाम फुटला, डावा हात जड झाला, आणि हे सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं ते आयसीयूत. "तुमचा सण कशाला बिघडवायचा" म्हणे. वासी उत्तरायणच्या सकाळी चहा घेऊन गेले तर बनियन पिळून काढावं इतकं ओलं आणि चेहरा राखेसारखा.

बारा तास तरी गेले असतील. हृदयाच्या स्नायूचं रक्त बंद झालं की पहिल्या अर्ध्या तासातच पेशी मरायला लागतात आणि पुढच्या काही तासांत बराचसा खेळ संपतो. हे मी दरवर्षी बारावीच्या पोरांना सांगते आणि माझ्याच घरात खालच्या खोलीत ते चालू होतं तेव्हा मी वर जिलबी खात होते. असो, त्यावर लिहायला बसले तर बाकीचं राहून जाईल.

एन्जिओग्राफीत एलएडी पूर्ण बंद निघाली, पुढच्या भिंतीला रक्त देणारी मोठी नळी. स्टेंट टाकला. तिसऱ्या दिवशी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तेव्हा मी आत उभी होते, तिथल्या मुलाने बाबांना डाव्या कुशीवर वळवलं, गार जेल लावलं, बाबा "हाय हाय" करत आखडले, आणि स्क्रीनवर त्यांचं हृदय आलं. पंचवीस वर्षं मी फळ्यावर लाल निळ्या खडूने चार कप्पे काढतेय पण हे काहीतरी वेगळंच होतं. मागची भिंत दर ठोक्याला आत येत होती, जाड होत होती. आणि पुढची भिंत आणि टोक नुसतं उभं. वर्गात सगळे प्रार्थना म्हणतायत आणि एक पोरगं तोंड मिटून उभं आहे, तसं. नंतर डॉक्टर म्हणाले, "इथला मसल गेलाय, आता तिथे स्कार होणार. ईएफ ३५ आहे." ईएफ म्हणजे डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, ते. नॉर्मल माणसाचं ५५ च्या वर असतं.

बाबांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "बोट कापलं तर भरून येतं, मग हे का नाही येणार?" डॉक्टरांना घाई होती, ते हसून "आराम करा काका" म्हणून गेले. मग उत्तर द्यायचं माझ्यावर आलं.

भरून येतंच, पण स्नायूने नाही, चिवट तंतूंनी, तोच डॉक्टरांचा स्कार. त्या तंतूंमुळे हृदय फुटत नाही, तेवढ्यासाठी ते हवेतच, पण ते आकुंचन पावत नाहीत आणि त्यांच्या वाटची मेहनत उरलेल्या स्नायूला करावी लागते. बाबा जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे आपल्या माजघरासारखं." आमच्या जुन्या घरात माजघराची तुळई वाळवीने खाल्ली होती, कंत्राटदाराने तिथे विटा सिमेंट भरून दिलं, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात लाकूड फुगतं, सिमेंट जागचं हलत नाही, आणि जोडाच्या कडेने भेग पडते. मी म्हटलं हो, अगदी तसंच. नंतर वाटलं इतकं बरोबर उत्तर नको होतं द्यायला.

आता नंदूदादा. नंदूदादा माझा आतेभाऊ, मनाने सोन्यासारखा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं सगळं त्याला वेदवाक्य. फेब्रुवारीत तो एक पीडीएफ घेऊन आला, मोबाईलवर पण आणि बाबांसाठी झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून पण. दुसऱ्या शहरातलं एक क्लिनिक, नाव लिहीत नाही. "हृदयाच्या स्वतःच्या स्टेम सेल्सनी हृदय पुन्हा नवे" (स्टेम सेल्स म्हणजे मूळ पेशी, ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात), खाली एक हसणारे आजोबा जॉगिंग करतायत, आणि अगदी खाली बारीक अक्षरात, २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सिद्ध झालेलं तंत्रज्ञान. खर्च तीन लाख ऐंशी हजार. आत्या तर रडायलाच लागली, म्हणाली माझ्या पाटल्या मोडा पण दादाला हे इंजेक्शन द्या.

मला पण मोह झाला, खोटं कशाला बोलू. एमएस्सीला झूऑलॉजी होती माझी, तरी झाला. म्हणून त्या रात्री तो लॅन्सेटचा पेपर शोधायला बसले.

पेपर सापडला. आणि त्याच्यावर लाल अक्षरात रिट्रॅक्टेड. २०१९ साली लॅन्सेटने तो मागे घेतलेला आहे! म्हणजे पीडीएफ छापणाऱ्याने एकतर उघडून बघितलं नाही, नाहीतर बघितलं आणि म्हटलं बडोद्याच्या म्हाताऱ्याला काय कळतंय.

मग मी त्या प्रकरणाच्या मागेच लागले, दोन आठवडे रात्री जागून. पिएरो अन्वर्सा नावाचे एक इटालियन वंशाचे संशोधक अमेरिकेत होते. २००१ साली त्यांच्या गटाने नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं की अटॅक आणवलेल्या उंदराच्या हृदयात बोन मॅरोच्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजाच्या, पेशी टोचल्या तर ९ दिवसांत मेलेल्या भागाचा ६८ टक्के नव्या स्नायूने भरला. नऊ दिवस! २००३ मध्ये पुढचं पाऊल, की मॅरोसुद्धा लागत नाही, पूर्ण वाढ झालेल्या उंदराच्या हृदयातच मूळ पेशी दडून बसलेल्या असतात, त्यांच्यावर सी-किट नावाचं एक प्रोटीन असतं, त्यावरून त्या ओळखायच्या. म्हणजे घराच्या आतच गवंडी राहतोय, फक्त त्याला उठवायचा. ही कल्पना इतकी गोड आहे ना की ती खरी असावी असं कुणालाही वाटेल, मला पण वाटलं, तेव्हाच्या जगभरच्या कार्डिऑलॉजिस्टना वाटलं तर काय नवल.

पण शंका लगेच सुरू झाल्या होत्या. २००४ मध्ये अमेरिकेतल्याच दोन वेगवेगळ्या लॅबनी तेच प्रयोग करून बघितले, मॅरोच्या पेशी हृदयात टिकल्या तर रक्ताच्याच पेशी राहिल्या, स्नायू काही झाल्या नाहीत. तरी गाडी थांबली नाही. २०११ चा तो लॅन्सेटवाला प्रयोग माणसांवरचा, त्याचं नाव स्किपिओ, केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये झालेला, बायपासच्या वेळी पेशंटच्या हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या कानासारख्या टोकाचा तुकडा घ्यायचा, त्यातून सी-किटवाल्या पेशी वाढवायच्या, काही महिन्यांनी त्यातल्या सुमारे १० लाख पेशी हृदयाच्या नळीत सोडायच्या. १६ जणांना दिल्या, ७ जणांना नाही दिल्या. चार महिन्यांनी ईएफ सरासरी ३० वरून ३८ च्या वर. पेपरात बातम्या आल्या. मग २०१४ मध्ये सिनसिनाटीच्या जेफ्री मोल्केंटिन यांच्या लॅबने उंदरांमध्ये सी-किटवाल्या पेशींना कायमची जनुकीय खूण करून ठेवली आणि मागोवा घेतला की या मोठ्या होऊन काय होतात. रक्तवाहिन्यांचं अस्तर झाल्या भरपूर. स्नायूच्या पेशी? ०.०३ टक्के, किंवा त्याहून कमी.

म्हणजे गवंडी म्हणून ज्याला दाखवत होते तो गवंडी नव्हताच, प्लंबर होता.

त्याच वर्षी अन्वर्सांचा एक पेपर मागे घेतला गेला, लॅन्सेटने स्किपिओवर चिंता नोंदवली, २०१७ मध्ये अन्वर्सांची लॅब होती त्या ब्रिगम हॉस्पिटलने अमेरिकन सरकारला १ कोटी डॉलर भरून तडजोड केली, कारण संशोधनाचा पैसा खोट्या आकड्यांवर मिळवल्याचा आरोप होता, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगमने सांगितलं की त्या लॅबचे ३१ पेपर मागे घ्यावेत. एकतीस. २००१ ते २०१८. सतरा वर्षं! या काळात इतर लोकांनी यावर पीएचडी केल्या, आपल्या उमेदीची वर्षं घातली, आणि पेशंट? त्यांनी आपल्या हृदयाचे तुकडे दिले. फसवणाऱ्यांच्या रागापेक्षा मला त्या पोरांचंच जास्त वाईट वाटतं ज्यांच्या लॅबमध्ये प्रयोग जमत नव्हता आणि त्यांना वाटलं असेल आपलाच हात वाईट आहे.

मग खरं काय, मोठ्या माणसाच्या हृदयात नवी स्नायू पेशी होतच नाही का? होते. आणि हे कसं शोधलं ते मला इतकं आवडलं की मी ते बाबांना झोपायच्या आधी गोष्टीसारखं सांगितलं. १९५५ ते १९६३ या काळात उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्यामुळे जगाच्या हवेत कार्बन-१४ वाढला, तो झाडांत गेला, धान्यात गेला, आपल्या पोटात आला, आणि त्या काळात जी जी पेशी नव्याने जन्मली तिच्या डीएनएमध्ये बसला. चाचण्या थांबल्यावर हवेतला कार्बन-१४ हळूहळू कमी होत गेला. म्हणजे डीएनएतला कार्बन-१४ मोजला की पेशी कधी जन्मली ते कळतं, नाण्यावरच्या सालासारखं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २००९ मध्ये मेलेल्या माणसांची हृदयं घेऊन हे मोजलं. उत्तर असं आलं की पंचविशीत वर्षाला १ टक्का स्नायू पेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के, आणि अख्ख्या आयुष्यात निम्म्याहून कमी बदलतात.

बाबांचा जन्म १९५१ चा. म्हणजे हवेतला कार्बन-१४ वाढायला लागला तेव्हा ते चार वर्षांचे. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या हृदयात अजून लहानपणच्या पेशी आहेत?" निम्म्याहून जास्त, मी म्हटलं. खूश झाले एकदम. मग हिशेब लावला, बँकेत होते ना, की डाव्या कप्प्यात २०० ते ४०० कोटी पेशी, मोठ्या अटॅकमध्ये १०० कोटीपर्यंत जाऊ शकतात, आणि भर वर्षाला अर्धा टक्का. "हे तर सेव्हिंग्ज खात्याच्या व्याजासारखंय," म्हणाले, "यात घर नाही बांधता येत."

आता पालीचं. आमच्या युनिव्हर्सिटीच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटमध्ये घरातल्या पालीच्या तुटलेल्या शेपटीवर वर्षानुवर्षं काम झालंय, हे बडोद्यातल्याच कितीतरी लोकांना माहीत नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा खोक्यात पाली असायच्या, पिवळट, फुगलेल्या पोटाच्या, शेपटी तुटल्यावर आठवड्याभरात टोकाला एक गोल बोंड यायचं आणि मग ती लांबायला लागायची. पण चिरून बघितलं तर आत मणके नाहीत, कूर्चेची एक सरळ नळी. वरून शेपूट, आतून जुगाड. तेव्हा आमचे सर म्हणायचे की प्राणी दुरुस्ती करतो आणि तंतोतंत पुन्हा घडवतो यातला फरक बघायला शिका, परीक्षेत तो मार्कांचा आहे. मला तो फरक इको रूममध्ये कळला.

तंतोतंत पुन्हा घडवणारे आहेत पण. झेब्राफिश, आपल्याच गंगेकडच्या ओढ्यांतला बोटाएवढा मासा, त्याच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा २० टक्के भाग कापला तरी दोन महिन्यांत परत येतो. आणि गंमत म्हणजे हा स्नायू कुठल्या लपलेल्या मूळ पेशींपासून येत नाही, शेजारच्या शाबूत स्नायू पेशीच आपलं काम जरा बाजूला ठेवून, थोड्या लहान होऊन, दोनाच्या चार होतात. उंदराचं पिल्लू पण जन्माच्या पहिल्या दिवशी हे करू शकतं, सातव्या दिवशी नाही. २०११ मध्ये कळलं हे, ज्या वर्षी स्किपिओ छापून आलं त्याच वर्षी! एकीकडे गवंडी शोधत होते आणि दुसरीकडे दिसत होतं की गवंडी वेगळा नसतोच, घरातली माणसंच विटा उचलतात, फक्त मोठी झाली की हे काम विसरतात.

आता तुम्ही विचाराल मग उंदरांमध्ये इतक्या लॅबना पेशी टोचून थोडाफार फायदा दिसत होता तो काय होता. मला पण हाच प्रश्न. मोल्केंटिन यांच्याच लॅबने तो पण सोडवला, २०२० च्या नेचरमध्ये. उंदराच्या दुखऱ्या हृदयात जिवंत पेशी टोचल्या, फायदा. मग मेलेल्या पेशी टोचल्या, तरी फायदा. मग पेशीच नाहीत, यीस्टच्या कवचातला एक पदार्थ टोचला, तरी फायदा! म्हणजे टोचल्यामुळे तिथे सूज येते, साफसफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि त्यांच्यामुळे स्कारची वीण जरा चांगली होते. स्नायू नवा नाही. मी हे वाचून रात्री दीडला एकटीच हसले, यजमान उठून विचारायला लागले काय झालं.

तर इतकं वाचून झाल्यावर मी क्लिनिकला फोन लावला. फोनवर एक गुजराती मुलगा, अगदी गोड बोलणारा. मी विचारलं पेशी कुठून काढता, तर म्हणे पोटाच्या चरबीतून. मी म्हटलं तुमच्या कागदावर तर हृदयाच्या स्वतःच्या पेशी लिहिलंय. थोडा वेळ शांत. मग म्हणाला, "एक ज वात छे मॅडम." एक ज वात, एकच गोष्ट म्हणे! मी विचारलं ही ट्रायल आहे का, रजिस्ट्रेशन नंबर द्या. तर तो अभिमानाने म्हणाला, "ट्रायल नथी मॅडम, ट्रीटमेंट छे."

इथेच तो अडकला, कारण आयसीएमआरच्या, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या, २०१७ च्या नियमांत ट्रीटमेंट म्हणून स्टेम सेलला परवानगी आहे ती रक्ताच्या आजारांसारख्या ठराविक ठिकाणी मॅरो ट्रान्सप्लांटची, हृदयासाठी जे काही करायचं ते फक्त ट्रायलमध्ये, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे ट्रायल असेल तर तीन लाख ऐंशी हजार कसले, आणि ट्रायल नसेल तर इंजेक्शन कसलं. बस एवढंच मी नंदूदादाला सांगितलं, अन्वर्साबिन्वर्सा काही सांगितलं नाही. तो म्हणाला "पण अगं, द्यायला काय हरकत आहे, फायदा नाही तर नुकसान पण नाही." त्याच्यावर मात्र मी आवाज चढवला, चुकलंच माझं, तो बाबांसाठीच बोलत होता.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं. एप्रिलमध्ये बाबांचा परत इको झाला. ईएफ ४३.

काही इंजेक्शन नाही, पाटल्या आत्याच्या हातातच. अटॅकनंतर भिंतीचा जो भाग हलत नाही तो सगळा मेलेला नसतो, मेलेल्याच्या कडेचा बराच स्नायू नुसता सुन्न पडलेला असतो, रक्त परत सुरू झालं की काही आठवड्यांत तो कामाला लागतो. वर चार प्रकारच्या गोळ्या, त्या हृदयावरचा ताण कमी करतात, मीठ कमी, आणि सयाजीबागेत सकाळी हळूहळू चालणं, वाघाच्या पिंजऱ्यापर्यंत जाऊन परत. त्यातलं किती कशामुळे ते मी सांगू शकत नाही, पण विचार करा, फेब्रुवारीत आम्ही ते इंजेक्शन दिलं असतं तर? एप्रिलमध्ये हाच ४३ आला असता आणि अख्ख्या दांडिया बाजारात नंदूदादाने पेढे वाटले असते, मी पण वाटले असते, आणि त्या पीडीएफच्या पुढच्या आवृत्तीत बाबा जॉगिंग करताना दिसले असते. म्हणून ज्यांना पेशी दिल्या नाहीत असे पेशंट पण मोजावे लागतात. कुणाच्या काकांना खरंच बरं वाटलं असेल, मी नाही म्हणत नाही, पण ते तसंही वाटलं असतं का, हे त्या एका काकांकडे बघून कळत नाही.

आणि खरं काम चालू नाहीये असं नाही. पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे नावाचे सर्जन, त्यांनी २०१४ पासून सहा पेशंटना भ्रूण मूळ पेशींपासून बनवलेल्या हृदयाच्या पूर्वज पेशी फायब्रिनच्या (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रोटीनच्या) ठिगळात बसवून बायपासच्या वेळी लावल्या, सुरक्षित आहे का एवढंच बघायला. जर्मनीत गॉटिंगेनला आणखी पुढे गेलेत, तिथे चक्क धडधडणारा स्नायू लॅबमध्ये बनवून त्याचं ठिगळ हृदयावर शिवतात. आधी माकडांवर केलं, मग एका बाईवर, तिचं तीन महिन्यांनी हार्ट ट्रान्सप्लांट झालं तेव्हा जुनं हृदय तपासलं तर ठिगळाचा स्नायू जिवंत होता. हे छापून आलं जानेवारी २०२५ च्या शेवटी, बाबांना घरी आणून दहाएक दिवस झाले होते. दुसऱ्याच्या पेशी म्हणून इम्युनिटी दाबायच्या गोळ्या लागतात, बाहेरून आलेला स्नायू आपल्याच तालात ठोके द्यायला लागायची भीती असते, अजून खूप बाकी आहे. पण यात एक गोष्ट मला पटते, की हे लोक हृदयात गवंडी झोपलाय असं म्हणत नाहीत, स्नायू हवा तर स्नायू बनवून आणतात.

बाबांना मी गॉटिंगेनचं सांगितलं तर म्हणाले ठिगळ म्हण, गोधडीचं. आणि मग, "माझ्या वेळेला नाही व्हायचं ते." मी काही बोलले नाही.

डॉक्टरांनी रोज सकाळी वजन करून लिहायला सांगितलंय, दोन दिवसांत दीड दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय समजून फोन करायचा. बाबांना वही नको, वही म्हणजे पैसे वाया. नंदूदादाने आणलेल्या त्या रंगीत प्रिंटची मागची बाजू कोरी होती, जाड कागद, तिच्यावर पट्टीने रेघा मारून तारखा घातल्यात आणि ती वजनकाट्याच्या वर भिंतीला टांगलीये. आज सकाळी ६१.४. काल ६१.४. परवा ६१.६, आणि त्याच्यापुढे कंसात, बँकेतल्या अक्षरात, भजी.